घरी इलेक्ट्रिक गाडी मंद चार्ज होते? आधी कारण शोधा, मगच खर्च करा

पैठण तालुक्यात विजेवर चालणाऱ्या गाड्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. तालुक्यातील बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत दुचाकी बनविणाऱ्या एथर एनर्जी कंपनीने २०२४ साली कारखाना उभारण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी टोयोटा किर्लोस्कर मोटरने विद्युत व हायब्रिड गाड्यांच्या प्रकल्पासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. पैठण ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. रोज जाऊन येऊन १०० किलोमीटर धावणाऱ्यास इंधनाच्या खर्चात बचत होत असल्याने बागायतदार, दूध व्यावसायिक आणि नोकरदार शेतकरी अशी गाडी घेत आहेत.

गाडी घरी आल्यावर मात्र एक तक्रार हमखास ऐकू येते. "कंपनीने नऊ तास सांगितले होते, आमच्याकडे रात्रभर लावूनही गाडी भरत नाही." मग कोणी गाडीला दोष देतो, कोणी बॅटरीला, तर कोणी वीस-पंचवीस हजार रुपये खर्चून मोठा स्टॅबिलायझर आणतो. मोसंबीचे पान पिवळे पडले की आपण लगेच युरियाची गोणी फोडत नाही. नत्र कमी आहे, जस्त कमी आहे, मुळाशी पाणी साचले आहे की डिंक्या लागला आहे, हे आधी पाहतो. मंद चार्जिंगचेही तसेच आहे. तो रोग नव्हे, लक्षण आहे. कारण पुरवठ्यात आहे, घरच्या वायरिंगमध्ये आहे की गाडीत आहे, हे एका संध्याकाळी ठरविता येते. त्याची पद्धत या लेखात दिली आहे.

युनिट, व्होल्टेज आणि अँपिअर

बॅटरीची क्षमता युनिटमध्ये मोजतात. बिलावर असते तेच हे युनिट, म्हणजे एक किलोवॅट शक्ती एक तास वापरली की एक युनिट. २४ युनिटची बॅटरी ही २४ युनिट मावणारी टाकी समजावी. टाकी किती वेगाने भरते हे दोन गोष्टींवर ठरते. विजेचा दाब म्हणजे व्होल्टेज, आणि प्रवाह म्हणजे अँपिअर. दोहोंचा गुणाकार केला की वॅट मिळतात.

घरच्या १५ किंवा १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावायची जी केबल गाडीसोबत मिळते, तिच्यामध्ये एक लहान पेटी असते. ही पेटी साधारणतः १० ते १३ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेऊ देत नाही. २३० व्होल्ट दाब आणि १२ अँपिअर प्रवाह असेल तर २,७६० वॅट, म्हणजे पावणेतीन किलोवॅटच्या आसपास शक्ती मिळते.

येथे पंप आणि गाडी यांतील फरक लक्षात घ्यावा. दाब कमी झाला की पंपाची मोटार तेवढेच काम ओढण्यासाठी जास्त अँपिअर घेते, तापते आणि वाइंडिंग जळते. हा अनुभव आपल्याकडे नवा नाही. गाडीच्या पेटीला मात्र अँपिअरची कमाल मर्यादा घातलेली असते. दाब उतरला तरी ती जास्त प्रवाह ओढत नाही, शक्ती तेवढ्या प्रमाणात कमी होते आणि वेळ वाढतो. म्हणून कमी दाबाने गाडी सहसा जळत नाही, उशिरा भरते. दाब फारच उतरला तर पेटी चार्जिंग थांबविते.

किती वेळ लागायला हवा?

तक्रार करण्यापूर्वी योग्य वेळ किती, हे माहीत हवे. टाटा टियागो ईव्हीच्या २४ युनिटच्या बॅटरीस १५ अँपिअरच्या प्लगवरून १० ते १०० टक्के भरण्यास ८.७ तास लागतात, असे कंपनीने २०२२ साली ही गाडी बाजारात आणताना सांगितले. बॅटरीत त्यासाठी २१.६ युनिट जातात. रूपांतरात आणि उष्णतेत काही वीज खर्च होत असल्याने मीटरवर साधारण साडेचोवीस युनिट पडतात. त्या हिशेबाने निरनिराळ्या परिस्थितीत लागणारा अंदाजे वेळ पुढीलप्रमाणे येतो.

२३० व्होल्ट, १२ अँपिअर : २.७६ किलोवॅट : सुमारे ९ तास
२१० व्होल्ट, १२ अँपिअर : २.५२ किलोवॅट : सुमारे पावणेदहा तास
१९० व्होल्ट, १२ अँपिअर : २.२८ किलोवॅट : सुमारे पावणेअकरा तास
१८० व्होल्ट, १२ अँपिअर : २.१६ किलोवॅट : सुमारे सव्वाअकरा तास
२३० व्होल्ट, ८ अँपिअर : १.८४ किलोवॅट : सुमारे सव्वातेरा तास
२३० व्होल्ट, ६ अँपिअर : १.३८ किलोवॅट : सुमारे पावणेअठरा तास

या तक्त्यातून निदानाचा पहिला धागा मिळतो. दाब २३० वरून १८० व्होल्टपर्यंत उतरला तरी वेळ सव्वापटीच्या आसपासच वाढतो. वेळ जर दीडपट किंवा दुप्पट होत असेल, तर दोष केवळ दाबाचा नाही. एक तर अँपिअर कमी झाले आहेत, नाही तर मधल्या वेळेत चार्जिंग बंद पडत आहे. त्यामुळे वेळ दुप्पट झालेल्या माणसाने स्टॅबिलायझर आणून काहीही साधत नाही.

आपली बॅटरी निराळ्या क्षमतेची असल्यास हिशेब सोपा आहे. जेवढे युनिट बॅटरीत भरायचे त्यात आठवा हिस्सा मिळवावा आणि किलोवॅटने भागावे.

पहिली तपासणी : मीटरवरचा एक तास

या तपासणीसाठी कोणतेही उपकरण लागत नाही. गाडी निम्मी रिकामी असताना ही तपासणी करावी.

१) घरातील फ्रीज, पंखे, दिवे, टीव्ही शक्यतो बंद करावेत.
२) गाडी चार्जिंगला लावून दहा मिनिटे थांबावे.
३) मीटरवरील युनिटचा आकडा व वेळ लिहून घ्यावी.
४) बरोबर एक तासाने पुन्हा आकडा लिहावा. मीटरवर दशांश दिसत नसल्यास तीन तासांची नोंद घेऊन तिनाने भागावे.

तासाला अडीच ते पावणेतीन युनिट पडले, तर चार्जिंग योग्य वेगाने चालू आहे आणि अपेक्षाच जास्त आहे. दोन ते अडीचच्या दरम्यान पडले, तर दाब कमी असण्याचा संभव अधिक आहे. दीड युनिट किंवा त्याहून कमी पडले, तर अँपिअर कमी झाले आहेत, तेव्हा पेटीची सेटिंग व तापमान आधी पाहावे. पहिल्या तासात योग्य युनिट पडूनही सकाळी गाडी भरलेली नसेल, तर रात्री पुरवठा खंडित होत आहे किंवा पेटी मध्येच बंद पडत आहे, असे समजावे.

दुसरी तपासणी : व्होल्टेजच्या चार नोंदी

दाब कमी आहे असे वाटल्यास तो कोठे कमी होतो, हे शोधावे. यासाठी परवानाधारक वायरमन बोलवावा. उघड्या तारांना मल्टिमीटर लावण्याचे काम स्वतः करू नये. वायरमनकडून पुढील चार नोंदी घ्याव्यात.

नोंद १ : गाडी न लावता, मीटरनंतरच्या मेन स्विचवर.
नोंद २ : गाडी न लावता, चार्जिंगच्या सॉकेटवर.
नोंद ३ : गाडी चार्ज होत असताना, मेन स्विचवर.
नोंद ४ : गाडी चार्ज होत असताना, सॉकेटवर.

चारही नोंदी दहा-पंधरा मिनिटांच्या आत घ्याव्यात, म्हणजे मधल्या काळात लाइनचा दाब बदलून घोटाळा होणार नाही. निदान असे करावे.

अ) नोंद १ मुळातच कमी असेल, तर दोष आपल्या घरातील नाही. रोहित्र, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो ते, किंवा तेथून येणारी लाइन यांत तो आहे.

ब) नोंद १ चांगली, पण नोंद ३ बरीच उतरलेली असेल, तर खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर बारीक आहे, तिचा सांधा सैल आहे किंवा लाइनवर भार जास्त आहे.

क) नोंद ३ चांगली, पण नोंद ४ बरीच कमी असेल, तर दोष घरच्या वायरिंगचा आहे.

ड) चारही नोंदी समाधानकारक असतील, तर गाडी, पेटी किंवा त्यांच्या सेटिंगकडे वळावे.

दाबाचा फरक भार असतानाच उघडा पडतो. गाडी न लावता सॉकेटवर २२८ व्होल्ट दिसले म्हणून वायरिंग चांगले, असा निष्कर्ष काढू नये. चिरलेल्या पाइपातही व्हॉल्व्ह बंद असताना पाणी भरलेलेच दिसते.

एक उदाहरण

समजा, ढोरकीन शिवारातील एका वस्तीवर गाडीचे शेड मीटरपासून ४० मीटर दूर आहे. वायर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची आहे. नोंदी अशा आल्या : भार नसताना मेन स्विचवर २२८ आणि सॉकेटवर २२८, भार असताना मेन स्विचवर २२२ आणि सॉकेटवर १९६.

मेन स्विच ते सॉकेट यांमध्ये २६ व्होल्ट गळाले. एवढ्या लांबीच्या चांगल्या वायरीत १२ अँपिअरला साधारण ८ व्होल्ट गळायला हवेत. उरलेले १८ व्होल्ट कोठे गेले? ते एखाद्या सैल स्क्रूत, पिळून टेप गुंडाळलेल्या सांध्यात किंवा सॉकेटच्या ढिल्या पात्यात गेले. १८ व्होल्ट गुणिले १२ अँपिअर म्हणजे २१६ वॅट. बोटाच्या पेराएवढ्या जागेत रात्रभर २१६ वॅटची शेगडी पेटत ठेवल्यासारखे हे आहे.

आता वेळेचा हिशेब पाहा. वायरिंग निर्दोष असते तर सॉकेटवर २१४ व्होल्ट मिळून गाडी साडेनऊ तासांत भरली असती. दोषामुळे १९६ व्होल्टवर तिला सुमारे साडेदहा तास लागतात. फरक फक्त तासाभराचा. "तासभर उशीर होतो, चालायचेच," असे म्हणून शेतकरी बांधव गप्प बसतात. पण त्या तासाच्या मागे शेडमधला कडबा, बारदान आणि गाडी पेटविणारा सांधा लपलेला असू शकतो. मंद चार्जिंगचे कारण शोधायचे ते वेळ वाचविण्यापेक्षाही यासाठी शोधायचे.

वायरीची जाडी आणि अंतर

वस्तीवर गोठा, शेड आणि घर दूर दूर असतात. दिव्यासाठी ओढलेली वायर गाडीला चालत नाही. दिवा अर्धा अँपिअरही घेत नाही, गाडी बारा अँपिअर घेते आणि तेही सलग आठ-दहा तास. १२ अँपिअर प्रवाहाला तांब्याच्या वायरीत होणारी व्होल्टेजची घट पुढे दिली आहे. अंतर एकेरी असून जाणारी व येणारी दोन्ही तार हिशेबात धरली आहे.

१.५ चौ. मि.मी. : ४० मीटरला सुमारे १३ व्होल्ट, १०० मीटरला सुमारे ३२ व्होल्ट
२.५ चौ. मि.मी. : ४० मीटरला सुमारे ८ व्होल्ट, १०० मीटरला सुमारे १९ व्होल्ट
४ चौ. मि.मी. : ४० मीटरला सुमारे ५ व्होल्ट, १०० मीटरला सुमारे १२ व्होल्ट
६ चौ. मि.मी. : ४० मीटरला सुमारे ३ व्होल्ट, १०० मीटरला सुमारे ८ व्होल्ट

घरच्या वायरिंगमधील घट ७ व्होल्टच्या आत राहील, असे पाहावे. त्यासाठी ४० मीटरपर्यंत ४ चौ. मि.मी. आणि त्यापुढे ६ चौ. मि.मी. तांब्याची स्वतंत्र वायर मेन स्विचपासून थेट सॉकेटपर्यंत, शक्यतो मध्ये सांधा न देता ओढावी. ॲल्युमिनियमची वायर त्याच जाडीत तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त दाब गाळते. शिवाय तांबे व ॲल्युमिनियम नुसते पिळून जोडल्यास सांधा लवकर खराब होतो.

सॉकेट स्वस्तातले नसावे. जाड पात्यांचे, धातूच्या पेटीतील औद्योगिक प्रकारचे १६ अँपिअरचे सॉकेट बसवावे. या सर्किटला योग्य क्षमतेचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी स्वतंत्र असावा. आरसीसीबी गळती प्रवाह ओळखून पुरवठा तोडतो आणि माणसाचा जीव वाचवितो.

चार्जिंग सुरू होऊन अर्धा तास झाल्यावर प्लगच्या बाहेरील प्लॅस्टिकला हाताचा मागचा भाग लावून पाहावा. कोमट लागला तर हरकत नाही. हात टेकवत नसेल, वास येत असेल किंवा पिना तपकिरी पडल्या असतील, तर मेन स्विच बंद करून चार्जिंग त्याच वेळी थांबवावे. ज्या पेट्यांत तापमान ओळखणारी सोय असते, त्या प्लग तापला की स्वतःहून अँपिअर कमी करतात. म्हणजे वेळ दुप्पट होण्याचे कारण पुष्कळदा हे ढिले सॉकेटच असते.

अर्थिंग : उन्हाळ्यात बिघडणारी बाजू

अर्थिंग नसेल किंवा कमकुवत असेल, तर बहुतेक पेट्या लाल दिवा दाखवून चार्जिंग सुरूच करीत नाहीत, किंवा अधूनमधून थांबतात. पावसाळ्यात चालणारी गाडी एप्रिल-मे मध्ये हट्ट करू लागली, तर आधी अर्थिंग पाहावे.

याचे कारण जमिनीत आहे. गोदाकाठची खोल काळी जमीन ओली असताना वीज चांगली वाहून नेते. तीच उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पाइपाभोवती पोकळी तयार होते. माळावरची मुरमाड जमीन तर पाणी धरतच नाही. ओलावा गेला की जमिनीचा विद्युतरोध अनेक पटींनी वाढतो. म्हणून अर्थिंगचा जस्ताळलेला पाइप अडीच ते तीन मीटर खोल असावा, भोवती कोळसा व मीठ यांचे थर द्यावेत आणि उन्हाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी खड्ड्यात एक-दोन बादल्या पाणी ओतावे. न्हाणीघराचे किंवा ठिबकच्या फिल्टरचे सांडपाणी तेथे वळविल्यास उत्तम. वायरमनकडून वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा. तो ५ ओहमच्या आत असावा.

काही ठिकाणी अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात तारेचा तुकडा जोडून पेटीला फसविले जाते. दिवा हिरवा होतो, गाडी चार्ज होते. परंतु खांबावर किंवा मीटरजवळ न्यूट्रल तुटला, तर त्याच तुकड्यातून गाडीच्या पत्र्यात वीज उतरते. ओल्या जमिनीवर उभे राहून दार उघडणारा माणूस किंवा गाडीला टेकलेले जनावर दगावू शकते. हा प्रकार आपल्याकडे असल्यास आजच काढून टाकावा.

पुरवठ्याकडील कारणे

नोंद १ कमी आल्यास तीन दिवस सायंकाळी ७, रात्री १० आणि पहाटे ५ वाजता व्होल्टेज लिहून ठेवावे. प्लगमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर यासाठी पुरतो. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत कमी दाबाच्या पुरवठ्यात ६ टक्के घट-वाढ मान्य होती. २३० व्होल्टला ती साधारण २१६ ते २४४ होते. घरचा दाब पाहताना हे माप आजही उपयोगी पडते.

फक्त सायंकाळी दाब उतरत असेल, तर गावातील एकत्रित वापर हे कारण आहे. चार्जिंग रात्री अकरानंतर लावावे. बहुतेक गाड्यांत वेळ ठरवून देण्याची सोय असते. मात्र आपली वस्ती ज्या डीपीवर आहे तिच्यावरच शेतीपंप असतील, तर चित्र उलटे दिसते. रब्बीत ऊस, गहू आणि मोसंबीला पाणी चालू असताना ज्या आठवड्यात रात्रीची थ्री फेज पाळी असते, त्या आठवड्यात रात्रीच दाब कोसळतो. अशा वस्तीवर पाळी पाहून चार्जिंगची वेळ बदलावी. पंपांना योग्य क्षमतेचे कपॅसिटर बसविल्यास लाइनवरील प्रवाह कमी होऊन दाब सुधारण्यास मदत होते. एकट्याने बसवून विशेष फरक पडत नाही, डीपीवरील सर्वांनी मिळून बसवावेत.

"जायकवाडीला वीज तयार होते, मग धरणाच्या पायथ्याशी आमच्याकडे दाब का नाही?" असा प्रश्न नेहमी विचारला जातो. नाथसागराच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे, पण तेथील वीज जवळच्या गावात थेट न येता उच्च दाबाच्या जाळ्यात जाते. आपला दाब ठरतो तो शेवटच्या डीपीवर आणि तेथून आपल्या घरापर्यंतच्या तारेवर. डीपीपासून अंतर आणि भार वाढले की दाब घटतो. धरण किती जवळ आहे याचा त्याच्याशी संबंध नाही.

एका घरात दिवे भगभगीत आणि शेजारी मिणमिणते, असे दिसल्यास लाइनचा न्यूट्रल सैल किंवा तुटलेला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी मेन स्विच बंद करून महावितरणला ताबडतोब कळवावे. तक्रार १९१२ या क्रमांकावर नोंदवून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा आणि तीन दिवसांच्या नोंदी जोडून उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. "लाइट डीम आहे" या तक्रारीपेक्षा "सायंकाळी ७ वाजता १८२ व्होल्ट" या नोंदीवर अधिकाऱ्यास काम करणे सोपे जाते. डीपीवरील पाच-दहा ग्राहकांनी मिळून अर्ज केल्यास अधिक चांगले.

मंजूर भार आणि जोडणी

ग्रामीण भागात अनेक घरांचा मंजूर भार एक किलोवॅट किंवा त्याहूनही कमी असतो. तो बिलावर छापलेला असतो. गाडी एकटीच पावणेतीन किलोवॅट घेते. त्यामुळे भार वाढवून मिळण्यासाठी अर्ज करावा. त्यावेळी सर्व्हिस वायरही वाढीव भाराला पुरेल अशी आहे का, हे तपासून घ्यावे. घरगुती जोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करण्यास केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार परवानगी आहे.

शेतीपंपाच्या जोडणीवरून मात्र गाडी चार्ज करू नये. ज्या कारणासाठी जोडणी दिली त्याव्यतिरिक्त वापर हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि दंडात्मक आकारणी होते. पंपाच्या पेटीतून एक फेज घेऊन गाडी लावल्यास तिन्ही फेजचा तोल बिघडून पंपही अडचणीत येतो.

गाडीकडील कारणे

वरील सर्व बाबी ठीक असतील तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) काही पेट्यांवर किंवा गाडीच्या पडद्यावर अँपिअर कमी-जास्त करण्याची सोय असते. ती ६ किंवा ८ वर राहिलेली नाही ना, हे पाहावे.

२) चार्जिंगची वेळ किंवा ८० टक्क्यांची मर्यादा आधीच लावलेली असू शकते. घरातील मुलांनी पडदा हाताळताना हे घडते.

३) पेटी उन्हात, पत्र्याच्या शेडखाली किंवा तापलेल्या फरशीवर ठेवू नये. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असतो. पेटी तापली की प्रवाह कमी करते. ती सावलीत, हवेशीर जागी, खुंटीला टांगावी.

४) चार्ज करताना गाडीचा एसी चालू ठेवल्यास येणाऱ्या विजेचा मोठा वाटा तोच खातो.

५) शेवटचे चार-पाच टक्के सावकाश भरणे हा दोष नाही. त्या वेळी बॅटरीतील सर्व घट समपातळीवर आणले जातात.

एवढे करूनही तासाला दीड युनिटपेक्षा कमी पडत असतील, तर चांगले वायरिंग असलेल्या दुसऱ्या घरी तीच गाडी व तीच पेटी लावून पाहावी. तेथेही वेग तोच राहिल्यास मीटरच्या नोंदी घेऊन सेवा केंद्रात जावे.

मोठा चार्जर घ्यावा का?

७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर ३२ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. विहिरीला पाणीच कमी असेल तर तीन इंची पाइपलाइन टाकून उपसा वाढत नाही. ज्या लाइनवर १२ अँपिअरला ६ व्होल्ट गळतात, तेथे ३२ अँपिअरला १६ गळतील. दुसरे असे की, गाडीच्या आतील चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल, तर बाहेर ७.२ चा बसवूनही वेग तेवढाच राहील. म्हणून आधी गाडीची पुस्तिका पाहावी, मग लाइन सुधारावी, मंजूर भार वाढवावा आणि शेवटी चार्जर घ्यावा.

रोज १०० किलोमीटर धावणाऱ्यास युनिटला आठ किलोमीटरच्या हिशेबाने बॅटरीतील साडेबारा आणि मीटरवरील सुमारे चौदा युनिट लागतात. २.७६ किलोवॅटने हे काम पाच तासांत होते. साधे सॉकेट निर्दोष असेल तर बहुतेकांना मोठ्या चार्जरची गरजच पडत नाही.

गाडी दिवसा घरी राहत असल्यास छतावरील सौर संचाचा विचार करावा. तीन किलोवॅटचा संच स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण १२ युनिट देतो. प्रधानमंत्री सूर्य घर योजनेत, जी २०२४ साली सुरू झाली, अशा संचास ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवले आहे.

हे कधीही करू नये

१) एमसीबी वारंवार पडतो म्हणून वायर न बदलता मोठ्या क्षमतेचा एमसीबी बसवू नये. मग एमसीबीऐवजी वायर जळते.
२) गुंडाळी केलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवरून गाडी चार्ज करू नये.
३) न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्ये जोडू नये.
४) कडबा, बारदान, डिझेल किंवा खताच्या गोण्या यांजवळ चार्जिंगची जागा ठेवू नये.
५) खांबावर आकडा टाकून किंवा स्वतः डीपीचा फ्यूज हाताळून उपाय करू नये.

थोडक्यात, मीटरवर तासाला किती युनिट पडतात ते प्रथम पाहावे, त्यानंतर चार ठिकाणचे व्होल्टेज घ्यावे आणि जेथे दाब गळतो तेथेच खर्च करावा. नोंद १ कमी असेल तर अर्ज महावितरणकडे, नोंद ४ कमी असेल तर काम वायरमनकडे आणि सर्व ठीक असेल तर गाडी सेवा केंद्राकडे. दाब कमी असल्याने होणारा उशीर सोसता येतो. पण दाब घरातल्या घरात गळत असेल, तर तो ज्या सांध्यात गळतो तो सांधा त्याच दिवशी शोधून दुरुस्त करून घ्यावा.